टाकणे आणि सोपवणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कोणा विदुषीला बोलावतो. आहार, आरोग्य, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही मोत्याचे काय केले ते सांगा. त्यावर गावात फार बोलणे झाले आहे." कुत्र्यावर भाषण ही कल्पना ऐकून काहींना हसू येईल. खुशाल हसा. पण आपल्या भडगावात आता घरटी नाही तरी दर चार घरांआड एक कुत्रे दिसते, आणि घरे मात्र रिकामी होत चालली आहेत. मुले पुण्याला, नाशिकला. पुरुष नोकरीच्या गावी. बाईसुद्धा दिवसभर बाहेर. तेव्हा आज जे माझ्या घरी झाले ते उद्या तुमच्याही घरी होऊ शकेल. म्हणून बोलते.

प्रथम दुखण्याविषयी सांगते, कारण दुखणे कळले नाही तर पुढचे सारे व्यर्थ आहे.

कुत्रा हा कळपात राहणारा प्राणी. माणूस हाच त्याचा कळप. बहुतेक कुत्री घर रिकामे झाले की थोडी कुरकुर करतात आणि पाय ताणून झोपी जातात. परंतु काही कुत्र्यांना एकटे राहणे मुळीच सोसत नाही. घरातले माणूस बाहेर पडले की त्यांच्या जिवाचा थरकाप होतो. डॉक्टर याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. आपण ताटातुटीची धास्ती म्हणू. हिची लक्षणे ठरलेली आहेत. माणूस गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच बहुधा सुरुवात होते. कुत्रे लांब सूर काढून रडते, येरझाऱ्या घालते, तोंडातून लाळ गळते, शिकवलेले असूनही घरात घाण करते. सर्वांत मोठी खूण म्हणजे ते दार, खिडकी, उंबरठा यांवरच तुटून पडते. समोर आवडीची भाकरी ठेवली तरी तिला तोंड लावत नाही.

आपल्याकडे अशा वेळी म्हणतात, "मुद्दाम करतो. सूड घेतो." भगिनींनो, हे खरे नव्हे. सूड घ्यायला जे मन लागते ते कुत्र्याजवळ नाही. आपण परत आल्यावर ते कान पाडून कोपऱ्यात बसते, त्याला आपण अपराधीपणा समजतो; ती आपल्या चढलेल्या आवाजाची भीती असते. त्याला मारले तर धास्ती दुप्पट होते. आधी एकटेपणाची होती, आता तुमच्या परत येण्याचीही झाली! कोंडलेल्या खोलीत जीव घाबरा झालेल्या माणसाला कोणी छडी मारील काय? तोच न्याय इथे लावावा.

आता माझ्या घरची हकीकत.

मोत्या आमच्याकडे २०२० सालच्या जून महिन्यात आला. टाळेबंदीचे दिवस होते. माझ्या लेकीला पाचोऱ्याच्या रस्त्याच्या कडेला हे पिल्लू सापडले; तळहातावर मावेल एवढे, गावठी, पिवळसर रंगाचे, एक कान उभा नि एक पडलेला. त्या काळात आमचे घर चोवीस तास भरलेले असे. शाळा बंद, म्हणून मी घरी. लेकीचे वर्ग मोबाइलवर. हेही बरेचसे घरीच. आणि सासूबाई तर वर्षानुवर्षे ओटा सोडून कुठे गेल्या नव्हत्या. मोत्याचा दिवस सासूबाईंच्या पायांशी उगवे आणि तिथेच मावळे. एकटेपणा म्हणून काही असते हे त्या जिवाने पाहिलेलेच नव्हते. त्या वर्षी देशभर किती घरांत अशीच पिल्ले वाढली! माणसे घरात कोंडलेली होती, आणि पिल्लांना वाटले, जग असेच असते.

मग जग उलगडले. २०२२ साली लेक शिकायला पुण्याला गेली. २०२३ मध्ये यांची बदली नंदुरबारला झाली. त्याच वर्षी दिवाळीनंतर सासूबाई गेल्या. दोन वर्षांच्या आत चार माणसांच्या घरात मी एकटी उरले, आणि माझी शाळा साडेदहा ते साडेपाच.

तेराव्यानंतर मी शाळेत जाऊ लागले त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू संध्याकाळी आल्या. फार समजूतदार बाई. म्हणाल्या, "ताई, रागावू नका. मोत्या दिवसभर रडतो हो." मला आधी खरेच वाटले नाही, कारण मी घरात असताना तो देवासारखा शांत. तेव्हा लेकीचा जुना मोबाइल फडताळात चालू ठेवून गेले. त्या रात्री जे पाहिले ते सांगते. मी कडी लावल्यावर चार मिनिटे तो दाराशी उभा होता. पाचव्या मिनिटाला त्याने मान वर करून सूर काढला. मग दार ओरबाडले. मग सासूबाईंच्या रिकाम्या खाटेखाली जाऊन आला आणि पुन्हा दाराशी. मोबाइल बंद पडेपर्यंत हेच चालले होते. तो चित्रपट मी पुन्हा पाहू शकले नाही.

तिकडे भिंतीपलीकडे काकूंचे यजमान, आमचे आप्पा, हृदयाचे ऑपरेशन करून नुकते घरी आले होते. त्यांना दुपारी झोप हवी. आप्पांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. पण कोणी तक्रार करत नाही म्हणून त्रास होत नाही असे थोडेच आहे? म्हणजे एकीकडे हा मुका जीव, दुसरीकडे आजारी शेजारी, आणि मधे माझी नोकरी, जिच्यावर लेकीचे शिक्षण चालले आहे. यांतले काय सोडावे?

मी आधी उपाय केले. ते क्रमाने सांगते, कारण ज्यांच्या घरी दुखणे एवढे वाढलेले नाही त्यांना ते उपयोगी पडतील.

प्रथम जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले. पोटाचा, मूत्राचा, दातांचा काही आजार नाही ना, हे आधी पाहावे लागते. तसे काही नव्हते. डॉक्टरांनी सांगितले, "बाई, यात दोष कोणाचा नाही. याला एकटे राहण्याची सवय थेंबाथेंबाने लावून पाहू."

म्हणून २०२४ च्या उन्हाळी सुटीत मी शिकवणी घेतली. मुलांची नव्हे, मोत्याची! कुत्र्याला आपल्या निघण्याच्या खुणा पाठ असतात. किल्ल्यांचा आवाज झाला, पायांत चप्पल गेली, खांद्याला पिशवी लागली की त्याचे काळीज धडधडू लागते. म्हणून दिवसातून दहा वेळा मी किल्ली उचलायची आणि कुठेही न जाता भाजी निवडायला बसायचे. चप्पल घालायची आणि ओट्यावरच बसायचे. असे करता करता त्या खुणांची धार बोथट होते. मग दाराबाहेर एक मिनिट जायचे. तो घाबरण्याच्या आत परत यायचे. येताना गाजावाजा नाही, जातानाही निरोपाचे लाड नाहीत. एकाची दोन, दोनाची पाच. धास्तीच्या सीमेच्या अलीकडेच थांबायचे, हे यातले मर्म आहे. एकदा सीमा ओलांडली की आठवड्याची कमाई बुडते.

त्याला जोडून डॉक्टरांनी मनाची धास्ती कमी करणारे रोजचे औषध दिले. अशी औषधे गुण दाखवायला चार-सहा आठवडे घेतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कधीही देऊ नयेत. माणसांच्या झोपेच्या गोळ्या तर मुळीच नाहीत.

मे महिन्याच्या अखेरीस मोत्या पंचवीस मिनिटे शांत राहू लागला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण जूनमध्ये शाळा उघडली. पंचवीस मिनिटांवरून सात तासांवर उडी कशी मारणार? काही आठवडे एका मुलीला पगार देऊन घरी बसवले. तिची परीक्षा आली आणि ती गेली. कोणी म्हणाले, दुसरे कुत्रे आणा, सोबत होईल. डॉक्टर म्हणाले, याचा जीव माणसांवर आहे. दुसरे कुत्रे आणून बहुधा गुण येत नाही, उलट दोन रडू लागतील. कोणी म्हणाले, साखळीने बांधा. एक दिवस बांधून पाहिला, तर गळ्याला जखम. जुलैमध्ये एका संध्याकाळी येऊन पाहते तो खिडकीची जाळी फाटलेली, पुढच्या पायांची दोन नखे उखडलेली, एक सुळा तुटलेला आणि उंबऱ्यावर रक्त.

त्या रात्री मी ठरवले की मोत्याला या घरात ठेवणे म्हणजे त्याच्यावर प्रेम करणे नव्हे.

हे ठरवल्याबरोबर सल्ल्यांचा पाऊस पडला. एक गृहस्थ म्हणाले, "त्यात काय एवढे? पोत्यात घाला आणि गिरणेच्या पुलापलीकडे सोडून या." दुसरे म्हणाले, "इंजेक्शन देऊन टाका, सुटेल बिचारा." आणि याच्या अगदी उलट, एक वडीलधाऱ्या बाई मला म्हणाल्या, "अगं, धर्मराजाने स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडले नाही, आणि तू पोटच्या पोरासारखा वाढवलेला जीव दुसऱ्याला देतेस?"

हा शेवटचा प्रश्न माझ्या मनाला फार लागला. मी त्यावर पुष्कळ विचार केला. महाभारतातली ती कथा आपण सर्वजणी जाणतो. युधिष्ठिर म्हणतो की शरण आलेल्याचा त्याग मी करणार नाही. तिथे प्रश्न त्यागाचा आहे. कुत्र्याला बर्फात एकटे टाकून आपण रथात बसावे असा प्रस्ताव होता, आणि त्याला त्याने नकार दिला. टाकणे आणि सोपवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. टाकणारा पाठ फिरवतो. मागे काय होते ते त्याला पाहायचे नसते. सोपवणारा समोरचे हात पाहतो, ते बळकट आहेत ना याची खात्री करतो, आणि मगच आपले हात सोडतो.

पुलापलीकडे सोडण्याविषयी तर कायदाही बोलतो. मद्रासच्या नृत्यविदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेवर आल्या आणि मुक्या प्राण्यांसाठी कायदा व्हावा म्हणून त्यांनी विधेयक आणले. त्यांच्या खटपटीतून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. एका बाईने लावून धरलेले हे काम, म्हणून आपल्या मंडळात आवर्जून सांगते. उपाशी-तहानलेले राहून हाल होतील अशा ठिकाणी प्राण्याला सबळ कारणावाचून सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीने तासन् तास बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मोकळे फिरवून न आणणे, हाही त्यात आहे. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर सोडले तर त्याला ना तिथली हद्द ठाऊक, ना तिथल्या कुत्र्यांची रीत. त्यात मोत्यासारखा धास्तावलेला जीव तर प्रत्येक जाणाऱ्या माणसामागे धावला असता आणि कुठल्यातरी ट्रकखाली गेला असता.

आता घर शोधायचे कसे? मी तीन अटी मनाशी ठरवल्या. पहिली, त्या घरात दिवसाचा कोणताही प्रहर माणसावाचून जाता कामा नये. दुसरी, त्याला राखणीसाठी बांधून ठेवणार नाहीत. तिसरी, त्याचे दुखणे मी लपवणार नाही. सगळे ऐकूनही जे हो म्हणतील तेच खरे.

तिसऱ्या अटीवर माझे काही हितचिंतक नाराज झाले. म्हणाले, "दोष सांगून कोणी कुत्रे घेते काय?" पण विचार करा. न सांगता दिले असते तर चार दिवसांनी त्यांचेही दार ओरबाडले गेले असते, त्यांनी ते दुसऱ्याला दिले असते, दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रत्येक घरबदलाने ही धास्ती वाढत जाते.

पहिले मागणे एका गोदामासाठी आले. रात्री राखण, दिवसा साखळी. मी नाही म्हटले. दुसरे एक तरुण जोडपे, फार प्रेमळ. पण दोघेही नोकरीवाली. त्यांनाही नाही म्हणताना मला वाईट वाटले. नुसते प्रेम पुरेसे असते तर मोत्याला माझ्या घरातून जावेच लागले नसते.

शेवटी आमच्या दूधवाल्या भाऊंच्या ओळखीने गिरणाकाठची एक वस्ती कळली. केळीचा आणि कपाशीचा मळा, तीन भावांचे एकत्र कुटुंब, लहानमोठी अकरा माणसे, आणि खाटेवर बसून लसूण सोलणारी एक आजी. मी सगळे सांगितले. दार, सुळा, औषध, काहीही न वगळता. आजींनी ऐकून घेतले आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "आमना घरमा एकलं कोनीच ऱ्हात नही, माय." बस्स. एवढ्या एका वाक्यात माझ्या तिन्ही अटी बसल्या.

तरीही मोत्याला एका दिवसात नेऊन सोडले नाही. दिवाळीच्या आधीपासून सहा रविवार मी त्याला घेऊन वस्तीवर गेले. पहिल्या रविवारी तासभर बसलो. दुसऱ्या रविवारी आजींच्या हातून भाकरी. तिसऱ्या रविवारी मी केळीत चक्कर मारून आले, तो आजींजवळ थांबला. पुढे दुपार, मग एक पूर्ण दिवस, मग एक रात्र. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरात तो तिथे राहिला. सोबत त्याचे गोणपाट, त्याची जर्मनची थाळी, माझे एक न धुतलेले जुने लुगडे, औषध, लसींचे कार्ड आणि सवयी लिहिलेला एक कागद दिला. न धुतलेले लुगडे कशाला, म्हणाल. कुत्र्याचे जग नाकाने चालते. ओळखीचा वास ही त्याला आपल्या माणसाची चिठ्ठी आहे.

लसीचे कार्ड मात्र कोणीही विसरू नये. पिसाळण्याचा रोग एकदा अंगात प्रगट झाला की माणसाला किंवा जनावराला त्यातून वाचवणे जवळजवळ अशक्य. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे लस टोचल्यावाचून कुत्रे देणे हा दुसरा गुन्हाच समजावा.

मैत्रिणींनो, आपण सगळ्या एकदा घर बदललेल्या आहोत. लेकीची आणि कुत्र्याची बरोबरी मी करत नाही, गैरसमज नसावा. पण सासरची पहिली रात्र आठवा. भिंतींचा वेगळा वास, भांड्यांचा वेगळा आवाज, आणि पहाटे डोळे उघडल्यावर क्षणभर न कळणे की आपण कुठे आहोत. त्या दिवसांत आपल्याला काय हवे होते? कोणी भाषण करायला नको होते. एक माणूस जवळ बसायला हवे होते. आजींनी नेमके तेच केले. मोत्या तीन दिवस धड जेवला नाही, रस्त्याकडे तोंड करून बांधावर बसे. आजींनी आपली खाट बांधाजवळ नेली आणि तिथेच लसूण सोलत बसल्या. चौथ्या दिवशी त्याने भाकरी खाल्ली.

मी पहिले सहा आठवडे तिकडे फिरकले नाही. फोनवर विचारी. नव्या घराची मुळे धरत असताना जुन्या माणसाने वरचेवर जाऊन ती उपटू नयेत. त्या सहा आठवड्यांत माझे घर मला किती मोठे वाटले ते इथे सांगत नाही. तुमच्यापैकी ज्यांची लेकरे लांब आहेत त्यांना सांगायची गरज नाही. पुढे गेले तेव्हा मोत्याने लांबूनच ओळखले, अंगावर उड्या मारल्या, माझ्या पदराला तोंड पुसले. मी निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत आला. मी पुढे चालू लागले. तो थोडा वेळ उभा राहिला, आणि मग वळून आजींच्या खाटेखाली जाऊन बसला. त्याच्या त्या वळण्याने मला रडू आले, आणि सुटल्यासारखेही वाटले.

तो बरा झाला का? खरे सांगते, नाही. आजी डोळे तपासायला जळगावला गेल्या होत्या त्या दिवशी तो वस्तीभर येरझाऱ्या घालत होता. धास्ती त्याच्या आत आहेच. फक्त ती जागी व्हायला लागणारा एकांत त्या घरात नाही. दुखणे हटले नाही, पण दुखण्याला लागणारी जागा हटली. औषध आता डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणले आहे.

असे सोपवणे काही मीच पहिल्यांदा केलेले नाही. २००८ सालच्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा मुंबई पोलिसांच्या पथकातल्या मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या लॅब्रेडोर कुत्र्यांनी बॉम्ब हुडकण्याचे काम केले. पुढे निवृत्त झाल्यावर त्यांना विरारच्या एका शेतावर, प्राण्यांवर माया करणाऱ्या बाईंकडे ठेवले होते. २०१६ साली ते चौघेही एकामागून एक गेले. सीझर सर्वांत शेवटी. टायगर गेल्यावर तो खिन्न झाला होता असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. बॉम्बला न भिणारा कुत्राही सोबत्याच्या ताटातुटीने खचतो, हे लक्षात घ्या.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटा गेले. त्यांच्या मृत्युपत्रात टिटो नावाच्या कुत्र्याची कायमची तजवीज केलेली होती आणि त्याला घरातल्या जुन्या स्वयंपाक्यांकडे सोपवले होते, अशी बातमी आपण सर्वांनी वाचली. एवढा मोठा माणूस. पण कुत्र्याचे पुढे काय, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांवर टाकून दिला नाही. मला ही गोष्ट आपल्यापैकी ज्या साठीच्या पुढे आहेत त्यांना मुद्दाम सांगायची आहे. आपल्यामागे आपल्या मांजरा-कुत्र्याला, गाईला कोण पाहील, हे आजच कोणाशी तरी बोलून ठेवा.

आणि जपानचा हाचिको? १९२५ साली त्याचे धनी, एक प्राध्यापक, अचानक वारले. १९३५ मध्ये मरेपर्यंत तो रोज शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. त्याचा पुतळा आहे, सिनेमा आहे. पण एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. प्राध्यापक गेल्यावर त्यालाही दुसऱ्या घरी द्यावे लागले होते. काही घरी तो टिकला नाही. अखेर प्राध्यापकांच्या जुन्या माळ्याने त्याला ठेवून घेतले. पुतळा कुत्र्याचा झाला, ते योग्यच. पण दहा वर्षे माणसे गाडीची वाट पाहणाऱ्या त्या जिवाला रात्री आसरा आणि पोटाला अन्न देणाऱ्या हातांनाही एक नमस्कार असावा. कुत्र्याच्या निष्ठेचे आपण कौतुक करतो, परंतु वाट पाहणे हे कुत्र्याला सुख नव्हे. आपल्या कौतुकासाठी कोणा जिवाने दारात बसून झुरावे, ही इच्छा आपण करू नये.

आता ज्यांच्या घरी नवे पिल्लू आहे त्यांना दोन शब्द. घर भरलेले असतानाच त्याला एकटे राहायला शिकवा. रोज पाच-दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत, चघळायला काही देऊन ठेवा. दिवसभर मांडीवर घेऊ नका. त्याचा सारा जीव एकाच माणसात अडकू देऊ नका. खाऊ घालणे, फिरवणे हे घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावे. आणि पिल्लू आणण्याआधी आजच्या घराचा नव्हे, पाच वर्षांनंतरच्या घराचा विचार करा. मूल शिकायला जाणार, बदली होणार, म्हातारी माणसे कायमची बसणार नाहीत. कुत्रे बारा-तेरा वर्षे जगते.

आपल्या मंडळापुढे माझी एक सूचना आहे. गावात कोणाला कुत्रे सोपवायचे असेल किंवा घ्यायचे असेल तर त्यांची नावे मंडळाच्या वहीत लिहून ठेवू. ज्या आजी दिवसभर घरी एकट्या असतात त्यांना सोबत हवी असते, आणि ज्या कुत्र्यांना एकटे राहवत नाही त्यांना माणूस हवे असते. ही गाठ घालून देणे एवढे काही अवघड नाही. एक वही, एक पेन्सिल आणि खरे बोलण्याची तयारी पुरे.

 ज्यांनी कुरकुर न करता माझ्या घरचा आकांत सोसला ते आप्पा आणि काकू आज पुढच्याच रांगेत बसले आहेत. त्यांना सर्वांच्या देखत नमस्कार करते आणि माझे बोलणे संपवते.